हजार पौर्णिमा

आजीचं सहस्रचंद्रदर्शन २०११ च्या कार्तिकात झालं. वाईच्या घराचं माजघर, ओसरी, मागची पडवी, सगळं माणसांनी भरून गेलं होतं. पाटाभोवती रांगोळी, तबकात ८१ दिवे, चौरंगावर चांदीचा वाटोळा चंद्र आणि अंगणात तुलेसाठी आणलेल्या गुळाच्या ढेपा. ऐंशी वर्षं पुरी होऊन वर काही महिने गेले की माणसाने हजार पौर्णिमा पाहिलेल्या असतात, असं गुरुजींनी सांगितलं. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. रात्री जेवणं उरकल्यावर राहवलं नाही, म्हणून वाणसामानाच्या यादीच्या पाठीमागे हिशेब मांडला. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत साडेएकोणतीस दिवसांहून किंचित जास्त. त्याला हजाराने गुणलं आणि वर्षं काढली, तर ८० वर्षं १० महिने. हा विधी ज्याने कोणी लावून दिला, त्याने आकाश नीट मोजलं होतं.

पण त्या दिवसातलं माझ्या मनात राहिलं ते वेगळंच. ओवाळणं चाललं होतं आणि मी आजीच्या पाठीशी बसून तिच्या नव्या लुगड्याचा पदर सारखा करत होते. बायका म्हणत होत्या, भाग्याची गं बाई, हजार चंद्र बघितले. आजीने मान जरा मागे वळवली आणि मला एकटीलाच ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझ्या थोरल्या भावाला एकसुद्धा दिसला नाही."

तिला थोरला भाऊ होता हेच मला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाहुणे पांगल्यावर तिने मला माळ्यावरची ट्रंक काढायला लावली. तिचे वडील, ज्यांना ती तात्या म्हणायची, तालुक्यातल्या एका गावचे कुलकर्णी होते. ट्रंकेत तळाशी लाल खारव्याच्या फडक्यात बांधलेली त्यांची घरची वही होती. सगळी मोडीत. मला मोडी येत नाही. आमच्या कॉलेजातल्या इतिहासाच्या सरांनी दोन रविवार बसून ती मला वाचून दिली. सारा किती भरला, बियाणं कुणाकडून उसनं आणलं, म्हैस कितीला घेतली, विहिरीचा गाळ काढायला किती माणसं लागली. आणि या सगळ्याच्या अधेमधे, त्याच शाईत, त्याच वळणाने, मुलांचे जन्म.

सात नोंदी होत्या. पहिली शके १८४८ ची, म्हणजे १९२६ सालची. श्रावण वद्य तृतीयेला पुत्र झाला. त्याच महिन्यात, वद्य द्वादशीला, पुढे एकच शब्द: शांत. तृतीया ते द्वादशी, नऊ दिवस. सगळे अंधाऱ्या पंधरवड्यातले. आजी म्हणत होती ते अक्षरशः खरं होतं. आणि नावाच्या जागी तात्यांनी लिहिलं होतं 'चि.', पुढे कोरी जागा. बारसं बाराव्या दिवशी असतं. तोवर मूल राहिलंच नाही, म्हणून जागा कोरी राहिली. चिरंजीव हा शब्द मी लग्नपत्रिकांवर हजार वेळा वाचला असेन. त्याचा अर्थ मला त्या दिवशी, त्या कोऱ्या जागेसमोर पहिल्यांदा कळला.

दुसरा मुलगा चौदा महिन्यांचा होऊन गेला. तिसरी आजी, शके १८५२ च्या कार्तिकातली. तिचं नाव 'धोंडी'. आम्हा सगळ्यांना ती सुशीला म्हणून माहीत. ते सासरचं नाव. दोन मुलं गेल्यावर जे तिसरं झालं त्याला दगडधोंड्याचं नाव ठेवलं, म्हणजे काळाची नजर त्याच्यावर पडू नये. धोंडू, दगडू, केरू, भिकू, उकिरडा. ही नावं असलेले म्हातारे आपण सगळ्यांनी गावाकडे पाहिले आहेत. प्रत्येक धोंडूच्या आधी या जगात कुणीतरी येऊन गेलेलं असतं. एका अर्थाने ती जुनी जनगणनाच आहे, माणसांच्या नावांत लिहून ठेवलेली. (ज्या कार्तिकाच्या आगेमागे आजीला आम्ही ओवाळत होतो, त्याच सुमाराला आमच्या सातारा जिल्ह्यात 'नकोशी' नावाच्या मुलींना नवी नावं देण्याचा समारंभ झाला होता. आजीने ती बातमी मला दोनदा वाचायला लावली. धोंडी हे नाव पोर हवी म्हणून ठेवलेलं, आणि हे त्याच्या बरोबर उलटं.)

चौथा मुलगा महिन्याचा. पाचवी मुलगी, जी चोविसाव्या वर्षी तिसऱ्या बाळंतपणात गेली. सहावा मुलगा चार वर्षांचा, देवी येऊन गेला. सातवे माझ्या लहानपणी दर दिवाळीला येणारे मामाआजोबा, जे ७१ वर्षं जगले. आजी पुढे २०१८ मध्ये गेली, ८८ वर्षांची होऊन. तेव्हा मी सातही आयुष्यांची बेरीज केली आणि सातने भागलं. उत्तर आलं सत्तावीसला एक महिना कमी.

१९२१ ते १९३१ या दशकासाठी जनगणनेवरून काढलेलं भारताचं सरासरी आयुर्मान सुमारे २७ वर्षं आहे. हा आकडा मी वर्गात फळ्यावर वीस वर्षं लिहीत आले होते. तो आमच्या घरात, लाल फडक्यात बांधून, माळ्यावर पडलेला होता.

दर वर्षी हा आकडा लिहिला की कुणीतरी विचारतं, मॅडम, म्हणजे तेव्हा लोक सत्ताविसाव्या वर्षी म्हातारे व्हायचे का? नाही. सात भावंडांत सत्ताविसाव्या वर्षाच्या आसपास गेलं असं फार तर एक, आजीची बहीण. बाकी एक तर पाळण्यात गेले, नाही तर सत्तरीपार. सरासरी ज्या वयावर बोट ठेवते तिथे त्या काळी पाळण्यापेक्षा कितीतरी कमी माणसं मरत होती. आजी हजार चंद्र बघून गेली म्हणून ती सरासरी खोटी ठरत नाही, आणि सरासरी सत्तावीस म्हणून आजी अपवादही ठरत नाही. एका पिढीतलं पाळण्यातलं मरण किती होतं, हेच तो आकडा मुख्यतः सांगत असतो. आज पत्रिकेत आपण छापतो तो 'शतायुषी भव' हा आशीर्वाद पूर्वी बाळाच्या पाचव्या रात्रीला जास्त लागू होता.

पाचव्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं आयुष्य लिहिते. तिच्यासाठी पाटावर कोरा कागद आणि बोरू ठेवायचा. तात्यांनीही ठेवला असणार. नवव्या दिवशी मूल गेलं तेव्हा घरातली माणसं म्हणाली असतील, तेवढंच लिहिलं होतं. आजीला तिच्या आईने सांगितलेलं आठवत होतं: सातव्या दिवशी बाळ दूध ओढेना, मग जबडा मिटला, मग अंग कमानीसारखं ताठ झालं. हा नवजात बाळाचा धनुर्वात. नाळ कापायला घरातला विळा घ्यायचा, वर राख किंवा शेण लावायचं, आणि जंतू तिथून आत जायचे. आईला गरोदरपणी धनुर्वाताची इंजेक्शनं आणि नाळेसाठी नवं पातं, एवढ्यावर ते थांबतं. भारतातून माता आणि नवजातांचा धनुर्वात हटला असं २०१५ मध्ये जाहीर झालं. सहाव्या भावाचंही तसंच. देवीची लस मुंबईत पहिल्यांदा टोचली गेली ती १८०२ साली, तीन वर्षांच्या एका मुलीला. १९४१ मध्ये या चार वर्षांच्या मुलाच्या दंडापर्यंत ती पोहोचलेली नव्हती. सटवाईच्या लेखाची पातं आणि सुई अशी दोन साधी कारणं मला आमच्याच घरात सापडली, आणि तेव्हापासून निरनिराळ्या देशांचे आयुर्मानाचे तक्ते मी वेगळ्या डोळ्यांनी बघायला लागले. वर्षांऐवजी पौर्णिमा मोजायला लागले. वर्षाला बारा आणि वर थोड्या, असा हिशेब.

सगळ्यात जुनी वही स्वीडनची. तिथल्या चर्चच्या पाद्र्यांना सतराव्या शतकापासून गावातल्या प्रत्येकाचा जन्म आणि मृत्यू लिहून ठेवावा लागे, आणि १७४९ पासून त्या नोंदी राजधानीत गोळा होऊ लागल्या. म्हणून स्वीडनचं आयुर्मान १७५१ पासून वर्षावार मांडता येतं. दुसऱ्या कुठल्याही देशाला इतक्या मागे जाऊन असा हिशेब सांगता येत नाही. मला ते पाद्री नेहमी तात्यांसारखे दिसतात. त्या तक्त्यात सुरुवातीला सदतीस-अडतीस वर्षं आहेत, म्हणजे साडेचारशेच्या वर पौर्णिमा. आणि मग १७७३. आधीची दोन वर्षं पिकं बुडाली, उपासमार झाली, मागोमाग हगवणीची साथ आली, आणि त्या एका वर्षासाठी आयुर्मान विसाच्याही खाली गेलं. अडीचशे पौर्णिमासुद्धा नाहीत. आज ज्या देशाचं नाव आपण सुखी म्हाताऱ्यांसाठी घेतो तो हा देश.

आपला तसा खड्डा १९१८ चा. इन्फ्लुएन्झा जूनमध्ये मुंबई बंदरात उतरला, पावसाळा संपता संपता दुसऱ्या लाटेने मुंबई इलाखा पिंजून काढला, आणि देशात एक कोटीहून जास्त माणसं गेली. १९२१ च्या जनगणनेत भारताची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. असं आपल्या शिरगणतीत एकदाच झालं आहे. त्या दशकाचं आयुर्मान सुमारे वीस वर्षं. स्वीडनचं १७७३ आणि आपलं १९१८, दोन्ही खड्डे जवळपास सारखे खोल, मध्ये दीडशे वर्षं. आजी झाली त्याच्या बारा वर्षं आधी हे घडलं होतं. तात्यांची आई त्यातच गेली, असं आजी सांगायची.

जपान माझ्या डोक्यात शिरला तो मनूमुळे. मनू माझी धाकटी चुलत बहीण. नवऱ्याच्या सॉफ्टवेअरच्या नोकरीमुळे तोक्योला गेली, एदोगावा भागात, जिथे आता मराठी घरं बरीच आहेत. २०१७ मध्ये तिला दिवस गेले. महापालिकेच्या कार्यालयात जाऊन तिने तशी नोंद केली, तेव्हा त्यांनी तिच्या हातात एक छोटी वही ठेवली. माता-बाल आरोग्य वही. तिने मला पानापानाचे फोटो पाठवले. आईचं वजन, रक्तदाब, लघवीची तपासणी, बाळंतपण कसं झालं, मग बाळाचं वजन, लशी, दात, शाळेत जाईपर्यंतच्या वाढीचा आलेख, आणि मधूनमधून आईने स्वतः भरायच्या ओळी: आज बाळ पहिल्यांदा हसलं, आज मान धरली. वही आईकडेच राहते. ती दवाखान्यात नेते, भरून घेते, परत आणते. १९४८ पासून जपान ही वही देतो आहे.

१९४८ चा जपान म्हणजे काय, ते नीट बघायला हवं. युद्ध हरलेला, शहरं जळालेली, क्षयाने तरुण माणसं मरत असलेली. १९४७ मध्ये तिथलं आयुर्मान पुरुषांचं ५० आणि बायकांचं ५४ होतं. हजार जन्मांमागे ७६-७७ बाळं वर्षाच्या आत जात. तेव्हा भारताचं आयुर्मान ३२ होतं. म्हणजे जपानी माणसाला सव्वासहाशे-साडेसहाशे पौर्णिमा आणि भारतीयाला चारशेच्या आत. दोघांत वीस वर्षांचं अंतर.

नंतर जपान फार वेगाने चढला. १९६१ पर्यंत सगळ्या जनतेला आरोग्यविमा मिळाला. क्षय आवरला. १९७० च्या सुमाराला सरासरी ७२ झाली. तेव्हा आपण पन्नाशी गाठत होतो. १९७०-७५ चा आपला आकडा ४९.७ आहे. अंतर वीसवरून बावीस-तेवीसवर गेलं होतं. आपली हजारात १२९ बाळं वर्षाच्या आत जात होती, आणि आपल्याकडे तेव्हा बायकांचं आयुष्य पुरुषांपेक्षा कमी भरत होतं, जे जगात जवळजवळ कुठेच भरत नाही. बाईला निसर्गाने दिलेली जास्तीची वर्षं बाळंतपणात, उपासात आणि मुलीच्या दुखण्याकडे दुर्लक्ष करण्यात संपत होती. हे उलटं गणित ऐंशीच्या दशकात सुलटं झालं. आजीची चोविसाव्या वर्षी गेलेली बहीण त्या उलट्या गणितातली.

आजचा आकडा घेतला तर २०२३ साठी संयुक्त राष्ट्रांचा अंदाज भारताला ७२ वर्षं देतो. जपानी पुरुषांचं त्याच वर्षीचं आयुर्मान ८१.०९ आणि बायकांचं ८७.१४. मी हे पौर्णिमांत मोजलं आणि थांबले. जपानी पुरुषाची सरासरी १००३ पौर्णिमा. ज्यासाठी आम्ही ८१ दिवे लावले, गुळाची तुला केली, गाव जेवू घातलं, तो तिथे सर्वसाधारण पुरुषाच्या वाट्याला येणारा दिवस आहे. शंभरी गाठलेल्यांना जपान सरकार १९६३ पासून चांदीचा प्याला भेट देतं. त्या वर्षी असे १५३ जण होते. २०२३ मध्ये ते ९२ हजारांहून जास्त झाले, आणि मधल्या काळात प्याला शुद्ध चांदीचा न राहता चांदीचा मुलामा दिलेला झाला, कारण परवडेना. चांदी परवडू नये इतके म्हातारे असणं, हे मला फार मोठं वैभव वाटतं.

मग आपण जपानच्या किती मागे आहोत? हा प्रश्न मी वर्गात विचारते आणि दोन्ही उत्तरं काढायला लावते. वर्षांत मोजलं तर अंतर तेवीसवरून बारावर आलं, म्हणजे जवळपास निम्मं झालं. पण आज आपण जिथे उभे आहोत तिथे जपान कधी होता, असं बघितलं तर १९७० मध्ये. १९७२ मधला भारत १९४७ च्या जपानच्या जवळपास होता, म्हणजे पंचवीस वर्षं मागे. २०२३ मध्ये त्रेपन्न वर्षं मागे. अंतर घटलं आणि उशीर वाढला. मुलं दोन्ही उत्तरांकडे बघत राहतात. त्यातलं खरं कुठलं, असं विचारतात. दोन्ही खरी आहेत. पहिली पन्नास-साठ वर्षं पाळण्यापाशी जिंकली जातात: लस, स्वच्छ पाणी, साखरमिठाचं पाणी, नाळेचं पातं. ती भराभर मिळतात. पुढची वीस चाळिशी-पन्नाशीतल्या माणसाच्या रक्तवाहिन्यांतून एकेक करून सोडवून घ्यावी लागतात.

पहिली वर्षं किती भराभर मिळू शकतात ते बघायला फार लांब जायला नको. श्रीलंकेत १९४६ मध्ये हजारी वीस माणसं मरत होती, १९४७ मध्ये चौदा. एका वर्षात. घराघराच्या भिंतींवर डीडीटी फवारून हिवतापाचे डास मारले हे त्याचं गाजलेलं कारण, पण तेवढंच नव्हे. १९२६ मध्ये कळुतर इथे पहिलं आरोग्य केंद्र निघालं होतं आणि तिथून प्रशिक्षित सुईणी खेड्यापाड्यांत जायला लागल्या होत्या. आज त्या बेटाची सरासरी ७७ च्या आसपास आहे, साडेनऊशे पौर्णिमा, आणि हा देश काही श्रीमंत नाही. आपल्याच गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांत असंच करून दाखवलं. गावातल्याच बायकांना आरोग्यदूत केलं, बाळाला ऊब कशी द्यायची, वजन कसं करायचं, श्वास मोजून न्यूमोनिया कसा ओळखायचा हे शिकवलं. नव्वदीच्या दशकात तिथले नवजात मृत्यू साठ टक्क्यांहून जास्त घटले. मोठं इस्पितळ लागलं नाही. आज आशाताई घरी येऊन बाळ बघून जातात, त्याची वाट त्या गावांतून आलेली आहे. भारताचा अर्भक मृत्युदर २०२३ मध्ये हजारी २५ होता. जपान तिथे १९६२ च्या सुमाराला होता.

आकडा चढतच जातो असं मात्र नाही, आणि हे सांगायला मी रशियाचा आलेख काढते. १९८५ मध्ये सोव्हिएत संघाचे नेते गोर्बाचोव्ह यांनी दारूवर निर्बंध आणले. दोन वर्षांत पुरुषांचं आयुर्मान ६५ पर्यंत गेलं. निर्बंध ढिले झाले, मग सोव्हिएत संघच मोडला, नोकऱ्या, पगार, पेन्शन, बचत सगळं एकदम हातातून गेलं, आणि १९९४ मध्ये तेच आयुर्मान ५७ च्या वर जेमतेम उरलं. सात वर्षांत नव्वद पौर्णिमा गेल्या. बायका मात्र ७१ वर होत्या. इथे पाळणे रिकामे झाले नव्हते. चाळीस-पंचेचाळीसचे बाप गेले होते. पन्नास-साठ या आकड्याकडे नुसतं बघून ते कळत नाही. तात्यांच्या वहीतला आकडा आणि हा आकडा शेजारी ठेवले तर दोन्हीकडे माणसं वेळेआधी गेली एवढंच सारखं. घरातली कुठली जागा रिकामी झाली ते अगदी वेगळं.

आमच्या घरातली ती जागा २०१४ मध्ये रिकामी झाली. बाबा ६३ वर्षांचे होते. सकाळी डोकं दुखतंय म्हणाले, दुपारपर्यंत उजवा हात-पाय गेला, चौथ्या दिवशी बाबा गेले. रक्तदाब किती वर्षं वाढलेला होता कोण जाणे, कारण कधी मोजलाच नव्हता. ज्या वर्षी ते जन्मले, १९५१ मध्ये, तेव्हा देशाची सरासरी ३२ होती. त्या हिशेबाने ते दुप्पट जगले. पण साठीला पोचलेला माणूस आपल्याकडे सरासरीने आणखी अठरा वर्षं जगतो, आणि जपानात पंचवीसहून जास्त. त्या हिशेबाने आम्हाला ते फार कमी मिळाले. आजी तेव्हा ८४ वर्षांची होती. जिचे चार भाऊ लहानपणी गेले आणि बहीण बाळंतपणात गेली, तिने आता पोटच्या मुलाला तुळशीपत्र घातलं. ती रडली नाही. मला म्हणाली, "माझे चंद्र त्याला द्यायची सोय हवी होती."

बाबांच्या मागे मी नागानोबद्दल वाचलं. जपानमधला डोंगराळ प्रांत, कडक हिवाळा, भाज्या खारवून ठेवायच्या, मिसोचं खारट सूप तीन वेळा. पक्षाघाताने माणसं पटापट जायची. तिथे गावागावांतल्या बायका दोन-दोन वर्षांच्या पाळीने आरोग्य स्वयंसेविका होतात. ही पद्धत १९४५ पासूनची. त्या घरोघर गेल्या, सुपातलं मीठ मापकाने मोजलं, लोणच्याचं मीठ कमी करून दाखवलं, रक्तदाब घ्यायला म्हाताऱ्यांना बोलावलं. घर थंड असलं की रक्तदाब चढतो म्हणून निदान एक खोली उबदार ठेवा, असं सांगितलं. २०१० च्या गणनेत पुरुष आणि बायका दोघांच्याही आयुर्मानात नागानो देशात पहिला आला. मी हे वाचलं ते आमच्या स्वयंपाकघरात बसून. समोर लोणच्याच्या तीन बरण्या होत्या. आपल्या ताटात सगळ्यात आधी मीठ वाढतात. बाबा ते ताटातलं मीठ आमटीत घालून घ्यायचे, चव न बघताच, रोज. मी त्यांना रोज बघत होते आणि मला आकडेशास्त्र येत होतं.

करोनाच्या दोन वर्षांत आपली सरासरी तीन वर्षांहून जास्त खाली आली होती, असं संयुक्त राष्ट्रांचा अंदाज सांगतो, आणि मग परत वर आली. तक्त्यात तो एक खड्डा दिसतो, १९१८ पेक्षा कितीतरी उथळ. ते खरं आहे, आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये आमच्या गल्लीतून चार माणसं गेली तेही खरं आहे. मी तो खड्डा फळ्यावर काढते तेव्हा खडू सावकाश फिरतो.

मनूचा मुलगा डिसेंबर २०१७ मध्ये झाला. आजी तेव्हा थकली होती, दिवसातला बराच वेळ पडून असायची, पण पहिल्या दिवसापासून तिने फोनवर बाळ बघायचा हट्ट धरला. मनूने त्या जपानी वहीच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवला होता. मुलाच्या नावाच्या चौकटीत तिने पेन्सिलीने देवनागरीत 'चि.' लिहून पुढे जागा सोडली होती. तिथे जन्माची नोंद चौदा दिवसांत करायची असते आणि इकडे बारसं बाराव्या दिवशी, दोन्ही जमत होतं. तात्यांच्या वहीबद्दल तिला काही माहीत नव्हतं. मी तिला सांगितलंही नाही. फोटो मी आजीला दाखवला. तिने चष्मा मागितला, बोटाने ती जागा चाचपली, काच होती तरी.

नवव्या दिवशी सकाळपासून ती अस्वस्थ होती. चहा घेईना, दिवा लागायची वेळ झाली तशी फोन लाव म्हणून मागे लागली. तिकडे रात्रीचे दहा वाजत आले होते. मनू दमलेली दिसत होती.

"आज कितवा गं?" आजीने विचारलं.

"नववा, आजी."

"दूध ओढतो ना?"

"आत्ताच पोटभर पिऊन झोपला. उठवू का?"

"नको, नको. झोपू दे." आणि मग जरा थांबून म्हणाली, "नुसता तोंडाजवळ धर फोन. श्वास दिसेल असा."

मनूने फोन बाळाजवळ धरला. आजी पडद्यावर डोळे लावून बसली. आमच्याकडे खालच्या रस्त्यावरून शेवटची एसटी गेली, स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, आणि ती बघतच राहिली, मनूचा हात अवघडेपर्यंत.